दोरीवरची ओली चड्डी: व्हाइट यांच्या एका निबंधातील पावसाविषयी

ई. बी. व्हाइट यांचा 'वन्स मोअर टु द लेक' हा निबंध इंग्रजी गद्याच्या संकलनांत इतक्या वेळा आला आहे की तो वाचण्याआधीच आपल्याला तो माहीत असतो. 'स्मरणरंजनाचा उत्कृष्ट नमुना' अशी चिठ्ठी त्याच्या कपाळावर चिकटवलेली असते. शिक्षक ती वाचून दाखवतात, विद्यार्थी उतरवून घेतात आणि उत्तरपत्रिकेत ती जशीच्या तशी परत येते. ही चिठ्ठी मी स्वतः बरीच वर्षे वर्गात वाचून दाखवली आहे. ती चुकीची आहे असे आता माझे मत झाले आहे. आणि ती का चुकीची आहे हे निबंधाच्या शेवटी पडणाऱ्या पावसावरून जितके कळते तितके इतर कशावरूनही कळत नाही. त्या पावसाकडे आपण मराठी वाचक नीट पाहत नाही. पावसाविषयी आपल्याला फार माहीत असते, हेच बहुधा त्याचे कारण असावे.

ज्यांनी निबंध वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधारण 1904 साली व्हाइट यांच्या वडिलांनी अमेरिकेच्या ईशान्य टोकावरील मेन राज्यात एका तळ्याकाठी ऑगस्ट महिन्यापुरती लाकडी झोपडी भाड्याने घेतली आणि सगळ्या कुटुंबाला तिथे नेले. ती सुट्टी इतकी आवडली की पुढे दर वर्षी 1 ऑगस्टला निघायचे आणि महिनाभर राहायचे हा घरचा कुळाचारच झाला. पुढे अनेक वर्षांनी, 1941 मध्ये, बेचाळिशीतले व्हाइट आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आठवडाभरासाठी त्याच तळ्यावर परत जातात. पहिल्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या मुलगा हळूच बाहेर सटकून होडीकडे गेल्याची चाहूल त्यांना लागते आणि तिथून एक विलक्षण भास सुरू होतो: हा मुलगा म्हणजे मीच, आणि म्हणून मी म्हणजे माझे वडील. मासे धरताना, जेवताना, पोहताना हा भास त्यांची पाठ सोडत नाही. मग एका दुपारी वादळी पाऊस येतो. पाऊस चालू असतानाच मुलगा पोहायला निघतो, दोरीवरची ओलीचिंब चड्डी पिळून अंगात चढवतो. आणि ते पाहत उभ्या असलेल्या बापाला एकाएकी मृत्यूचा गारवा जाणवतो. निबंध तिथे संपतो. तो 'हार्पर्स' मासिकाच्या ऑक्टोबर 1941 च्या अंकात, व्हाइट यांच्या 'वन मॅन्स मीट' या मासिक सदरात प्रसिद्ध झाला आणि पुढच्या वर्षी त्याच नावाच्या पुस्तकात आला. तळ्याचे नाव निबंधात नाही. प्रत्यक्षात ते बेलग्रेड लेक्स या तळ्यांच्या समूहातील 'ग्रेट पाँड' होय.

वर्गात पहिली अडचण शब्दांचीच येते. 'कॅम्प' म्हटले की पुण्याच्या मुलाला लष्कराचा भाग आठवतो, नगरपालिकेच्या शाळेतून आलेल्याला लसीकरण आठवते. मेनमध्ये 'कॅम्प' म्हणजे तळ्याकाठची साधी लाकडी झोपडी, जिच्या भिंतींना पावसाळी लाकडाचा वास येतो आणि ज्या छतापर्यंत पोहोचत नसल्यामुळे शेजारच्या खोलीतले घोरणे ऐकू येते. 'लेक'चे तर काहीच जमत नाही. सरोवर म्हटले की हंस आले. तलाव म्हटला की तो कोणीतरी बांधलेला असतो. महाबळेश्वरचे वेण्णा लेकसुद्धा बांधलेलेच आहे. मेनची तळी हिमनद्यांनी कोरून ठेवलेली आहेत. ती कोणा राजाने बांधली नाहीत आणि तिथे सहसा देऊळ, घाट किंवा धोब्याचा दगड नसतो. मी 'तळे' हा शब्द वापरतो, कारण तो सर्वांत कमी आव आणतो. त्यातही नुकसान आहेच, पण असो.

खरी अडचण शब्दांच्या पलीकडची आहे. दर वर्षी तळ्याकाठी कुटुंबाची सुट्टी, ही गोष्ट आपल्याकडे नाही. आपल्याकडची वार्षिक सुट्टी म्हणजे मे महिन्यातले आजोळ. तिची पावसाशी असलेली गाठ अगदी उलटी आहे. आजोळच्या सुट्टीत पाऊस येतो तो शेवटी. वळवाची एखादी सर, मातीचा वास, आणि लगेच मोठी माणसे गाडीच्या वेळापत्रकाविषयी बोलू लागतात. जूनच्या मध्याला शाळा उघडते, नव्या वह्यांना तपकिरी कागदाची कव्हरे घातली जातात, शेतात पेरणी होते. पाऊस म्हणजे सुट्टीचा अंत आणि वर्षाचा आरंभ. मेनच्या तळ्यावर पाऊस सुट्टीच्या मधोमध येतो, खोळंबा करतो आणि तासाभरात निघून जातो. त्याच्यामुळे कोणाचे वर्ष बदलत नाही. दुपार तेवढी बदलते.

यातून आपल्या वाचनात एक गफलत शिरते. पाऊस पुन्हा आला, अगदी मागच्यासारखाच आला, ही आपल्या दृष्टीने जगातली सर्वांत मोठी आश्वासक बातमी आहे. तो आला नाही तर काय होते हे 1972 च्या दुष्काळाने एका संपूर्ण पिढीला दाखवून दिले, आणि त्या पिढीतील बरेच जण आज आपल्या विद्यार्थ्यांचे आजीआजोबा आहेत. तेव्हा 'तेच पुन्हा' या अनुभवाला मराठी मनात भीतीची छटा नसते. म्हणून व्हाइट यांचे वादळ आपण नवनिर्मितीच्या, सृजनाच्या खात्यात टाकतो, आणि मग शेवटच्या वाक्यातला मृत्यू आपल्याला कुठूनसा आकाशातून पडल्यासारखा वाटतो. 'लेखकाने शेवटी अनपेक्षित कलाटणी दिली आहे' हे वाक्य मी किती उत्तरपत्रिकांत वाचले असेल याची गणती नाही. त्याबद्दल मी गुणही दिले आहेत.

कलाटणी तिथे नाहीच. तो पाऊस पुन्हा एकदा वाचून पाहा. व्हाइट त्याला निसर्गाच्या भाषेत मांडत नाहीत, रंगभूमीच्या भाषेत मांडतात. लहानपणी डोळे विस्फारून पाहिलेल्या एखाद्या जुन्या भडक नाटकाचा हा पुनःप्रयोग आहे, असे ते म्हणतात, आणि आता दुसऱ्या अंकाचा कळस चालू आहे. आधी उकाडा, लांब कुठे जायला नको अशी सगळ्यांचीच वृत्ती, मग आकाश विचित्र काळवंडणे, सगळे स्तब्ध होणे, नांगरलेल्या होड्यांनी एकाएकी तोंडे फिरवणे, दूरवर गडगडाट. मग निरनिराळी वाद्ये क्रमाने वाजू लागतात आणि डोंगरांत देव जिभल्या चाटत हसतात. संगीत नाटकांचे पुनःप्रयोग पाहिलेल्या मराठी वाचकाला हा अनुभव परका नसावा: पदे तीच, जागा त्याच, नेपथ्यही जवळजवळ तेच, फक्त नट दुसरे. प्रेक्षागृहातल्या म्हाताऱ्यांना त्यात जो आनंद होतो त्याच्या पोटात आणखी एक गोष्ट असते. मूळ नट आता नाहीत, हे त्यांना ठाऊक असते.

आणि मग विनोद येतो. पावसात लोक आनंदाने पाण्यात उड्या घेतात, आपण कसे चिंब भिजलो यावर एकमेकांना हाका मारतात, मुले किंचाळतात, आणि कोणीतरी एक विदूषक हातात छत्री घेऊन तळ्यात उतरतो. हा विनोद पिढ्यांना एका साखळीत जोडतो, असे व्हाइट सांगतात. वर्गात आपण 'साखळी' या शब्दापाशी थांबतो, त्याला प्रतीक म्हणतो आणि छत्रीवाल्याला सोडून देतो. माझ्या मते छत्रीवाला महत्त्वाचा आहे. दर वर्षी, दर पावसात, दर पिढीत कोणीतरी छत्री घेऊन पाण्यात उतरलेच पाहिजे. ती भूमिका रिकामी राहत नाही, तिच्यातला माणूस मात्र बदलतो. बापाची भूमिकाही अशीच आहे, आणि मुलाचीही. साखळी तुटत नाही याचा आनंद व्हाइट यांना खरोखरच होतो. पण साखळी न तुटण्यासाठी कड्या बदलाव्या लागतात हे त्यांनी त्याच परिच्छेदात, हसत हसत, आधीच सांगून ठेवलेले आहे.

आता भासाचे गणित पाहू. प्रचलित वाचन असे: निबंधभर बापाला वाटत असते की मुलगा म्हणजे आपणच, शेवटी मुलगा एकटा पाण्यात जातो, बाप काठावर राहतो, भास मोडतो आणि मृत्यूची जाणीव होते. हे ऐकायला सुबक वाटते, पण मजकुराशी जुळत नाही. भास मोडला असता तर बापाला काहीच वाटायला नको होते. ओली चड्डी मुलाने घातली आहे. गारवा बापाला लागतो, आणि नेमका त्याच जागी लागतो. म्हणजे भास मोडत नाही, इथे तो पुरा होतो. इतका वेळ तो मनाचा खेळ होता, आता तो शरीरात उतरला. आणि तो पुरा झाला की त्याची दुसरी बाजूही खरी ठरते. मुलगा म्हणजे मी, तर मी म्हणजे वडील. व्हाइट यांचे वडील 1935 साली वारले होते. निबंधात हे कुठेही लिहिलेले नाही, लिहिण्याची गरजही नाही. समीकरणाची तिसरी पायरी वाचकाने मांडायची आहे. म्हणून या निबंधाला स्मरणरंजन म्हणणे मला पटत नाही. स्मरणरंजनाची तक्रार असते की गेलेला काळ परत येत नाही. इथे तो आला आहे, पावसासकट आला आहे, आणि परत आल्यामुळेच त्याने घात केला आहे.

हे सगळे एका शब्दावर अवलंबून आहे, आणि आपण वर्गात नेमका तोच शब्द गिळतो. व्हाइट यांना तो गारवा जांघेत जाणवतो. शेवटच्या वाक्यातला हा शब्द आला की शिक्षकाचा आवाज खाली जातो किंवा तो घाईने पुढे सरकतो. एका वर्गात मी त्याचे मराठीत 'अंगातून शिरशिरी गेली' असे भाषांतर होताना ऐकले आहे. मी स्वतः काही वर्षे 'शरीर' म्हणून वेळ मारून नेली. विद्यार्थ्यांना भाषांतर करायला सांगितले की 'काळजात चर्र झाले', 'पोटात गोळा आला', 'अंगावर काटा आला' असे पर्याय येतात. यात त्यांचा दोष नाही. मराठीत भीतीच्या जागा ठरलेल्या आहेत: काळीज, पोट, कातडी, फार तर पाय लटपटणे. जांघेतली भीती आपल्या वाक्प्रचारांत नाही. इंग्रजीतही ती रुळलेली जागा नव्हे. व्हाइट यांनी ती मुद्दाम निवडली आहे. 'दि एलिमेंट्स ऑफ स्टाइल' या शैलीविषयक पुस्तिकेची सुधारित आवृत्ती 1959 साली ज्यांनी तयार केली, ते व्हाइट शेवटच्या वाक्याची जागा उगाच निवडतील हे संभवत नाही. मुलगा जिथून आला ती जागा हीच. ज्या अवयवाने त्यांना बाप केले त्याच अवयवाला मृत्यू शिवतो. 'काळीज' म्हटले की हा सगळा अर्थ वाहून जातो आणि उरतो तो एक हळवा बाप. संकोचाने साहित्याचे नुकसान होते हे आपण इतर वेळी तावातावाने बोलतो. इथे ते रोजच्या तासाला, आपल्याच तोंडून होते.

(एक किरकोळ गोष्ट, पण सांगण्याचा मोह आवरत नाही. सुरुवातीला व्हाइट सांगतात की त्या पहिल्या सुट्टीत मांजराच्या पिलांपासून सगळ्यांना नायटा झाला आणि हातापायांना सकाळ-संध्याकाळ पाँड्स एक्स्ट्रॅक्ट चोळावे लागले. आपले विद्यार्थी इथे हमखास हसतात, कारण पाँड्स म्हणजे त्यांच्या लेखी पावडर आणि कोल्ड क्रीम. ते खरे तर एका झुडपाच्या अर्काचे औषधी पाणी होते, क्रीम नंतरचे. वडील अंगावरच्या सगळ्या कपड्यांनिशी होडीतून पाण्यात पडले, हेही त्याच वाक्यात येते. म्हणजे कपड्यांसकट भिजण्याचा विनोद निबंधात पहिल्यापासून आहे आणि तो वडिलांपासून सुरू होतो. हे मला फार उशिरा दिसले.)

काही समीक्षक त्या वादळातल्या वाद्यांमध्ये युद्धाचे नगारे ऐकतात. निबंध 1941 च्या ऑगस्टमधला; युरोप पेटलेला होता आणि डिसेंबरात अमेरिकाही युद्धात उतरली. व्हाइट याच सदरात हिटलरशाहीविरुद्ध उघडपणे लिहीत होते, हेही खरे. तरी मला हे वाचन ओढूनताणून आणलेले वाटते. ज्याला युद्धावर लिहायचे तेव्हा तो थेट लिहीत होता, त्याने इथे कोडी घातली असतील असे मानायला आधार लागतो.

त्याहून गंभीर प्रश्न दुसरा आहे, आणि तो माझ्या एका विद्यार्थिनीने विचारला. ती म्हणाली, "सर, पाऊस आला तरी दोरीवरची चड्डी आत कोणीच कशी घेतली नाही?" वर्ग हसला. मीही हसलो. मग लक्षात आले की ज्या घरात पावसाचा पहिला थेंब पडताच कोणीतरी गच्चीकडे धावते त्या घरातल्या मुलीलाच हा प्रश्न सुचू शकतो, आणि निबंधाची सगळ्यात मोठी पोकळी त्यात पकडलेली आहे. या निबंधात आई नाही. लहानपणच्या सुट्ट्यांत 'आम्ही सगळे' आहे, पण आई म्हणून कोणी उभी राहत नाही. पत्नीही नाही. कॅथरिन व्हाइट या 'न्यूयॉर्कर'च्या नामांकित संपादक, पण त्यांचा इथे उल्लेखसुद्धा नाही. स्त्रिया आहेत त्या जेवण वाढणाऱ्या गावातल्या पोरी, आणि त्यांच्याविषयी व्हाइट म्हणतात की त्या अजूनही पंधरा वर्षांच्याच आहेत. फरक इतकाच की आता त्यांचे केस धुतलेले असतात, कारण त्यांनी सिनेमे पाहिले आहेत. मूळच्या त्या मुली 1941 मध्ये पन्नाशीच्या घरात असणार. त्यांचे काय झाले हे निबंधाला पडलेले नाही. काळ बापाच्या जांघेला शिवतो, वाढणाऱ्या मुलीला मात्र नुसता शाम्पू देऊन जातो.

आपले आजोळ मुळात आईच्या माहेरचे असते, ही गोष्ट इथे आठवते. आपल्याकडची वार्षिक यात्रा तिची असते, मुले सोबत असतात. तिने असा निबंध लिहिला असता तर? इरावती कर्वे यांनी एका अर्थाने तो लिहिलेला आहे. 'परिपूर्ती' (1949) या संग्रहाच्या शीर्षकलेखात सभेत त्यांची ओळख करून दिली जाते ती अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, तमक्यांची पत्नी अशी. आणि काहीतरी अपुरे राहिल्याची रुखरुख मनात घेऊन त्या घरी निघतात. वाटेत शाळकरी मुले आपापसांत कुजबुजतात की ही आपल्या वर्गातल्या अमक्याची आई. ओळख पूर्ण होते. दोन्ही निबंधांत एक प्रौढ व्यक्ती आपल्या मुलाच्या द्वारे स्वतःला ओळखते. दोन्हींत मुलाला त्याची जाणीव नसते. व्हाइट यांना त्या ओळखीत स्वतःचा शेवट दिसतो, कर्वे यांना पूर्तता. कर्वे यांच्या त्या पूर्ततेवर आज स्त्रीवादी वाचक प्रश्न उभे करतात, आणि ते करायलाच हवेत. एवढी विदुषी शेवटी 'अमक्याची आई' होण्यात समाधान मानते हे सरळपणे गिळण्यासारखे नाही. लेखातला मिश्किलपणा ध्यानात घेतला तरी नाही. पण ते प्रश्न आपण ज्या तत्परतेने कर्वे यांना विचारतो त्या तत्परतेने व्हाइट यांना विचारत नाही. त्यांचा गारवा आपण 'मानवी' म्हणतो, तिची पूर्तता 'बायकी'. हे दोन निबंध एकाच तासाला, शेजारी शेजारी ठेवून शिकवावेत असे माझे म्हणणे आहे. अभ्यासक्रमांच्या कप्प्यांमुळे ते होत नाही. इंग्रजीच्या विभागात व्हाइट, मराठीच्या विभागात कर्वे, आणि मध्ये एक जिना.

मुलाविषयीही थोडे. निबंधात त्याला नाव नाही, पण तो जोएल व्हाइट. तळ्यावर त्याला सर्वांत जास्त ओढ होती ती होडीच्या मोटरीची आणि तिच्यावर एकट्याने हुकमत मिळवण्याची. पुढे त्याने एमआयटीत नौकारचनेचे शिक्षण घेतले आणि मेनमध्येच ब्रुकलिन या गावी होड्या बांधण्याचा कारखाना चालवला; लाकडी होड्यांचा रचनाकार म्हणून त्याचे नाव झाले. 1997 मध्ये तो वारला. त्या दुपारी त्याला काय वाटले हे निबंध सांगत नाही. चड्डी गार होती म्हणून तो किंचित आखडला, एवढेच.

यंदा मी हा निबंध ऑगस्टमध्ये शिकवणार आहे. खिडकीबाहेर पाऊस असेल, व्हरांड्यात छत्र्या उघड्या वाळत ठेवलेल्या असतील. शेवटचे वाक्य फळ्यावर लिहून मुलांना त्याचे मराठी करायला सांगायचे आणि 'काळीज' लिहिणाऱ्याला कारण विचारायचे, असे ठरवले आहे. त्या विद्यार्थिनीचा प्रश्नही फळ्यावर त्याच्या खाली लिहायचा आहे. चड्डी आत कोणी घेतली नाही?